फोटो काढल्यावर, टाकण्याआधी

प्रश्न: मी मुंबईत मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, डोंबिवलीहून रोज लोकलनं येतो. मावसभावाचा जुना डीएसएलआर, सोबतची १८-५५ लेन्स आणि फोन एवढंच सामान आहे. मॅन्युअल मोड, म्हणजे कॅमेऱ्याची सगळी सेटिंग्ज स्वतः लावणं, जमत नाही. मोठ्या फोटोग्राफरांचं काम बघतो आणि माझे फोटो त्यांच्यासारखे व्हायला लागतात. मग माझी शैली कशी येणार? इन्स्टाग्रामवर रोज फोटो टाकतो, पण कधी दोनशे लाइक तर कधी वीस, त्यावरून काही कळत नाही. दादरच्या फुलबाजारात एका मावशींनी "फोटो कशाला काढतोस?" म्हणून हटकलं, तेव्हापासून माणसांचे फोटो काढायला बिचकतो. नवी लेन्स घेऊ का?

उत्तर:

तू रोज फोटो काढतोस आणि रोज टाकतोस, या वाक्यापाशी मी थांबले. काढणं आणि टाकणं यांच्या मधली निवडीची पायरी तू गाळतो आहेस असं मला वाटतं. मी बरीच वर्षं वर्तमानपत्रांसाठी फोटो काढले, आता शिकवते. चांगली नजर असलेली मुलं याच जागी अडकलेली मला सारखी दिसतात. तुझ्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरंही बरीचशी तिथेच सापडतात, म्हणून त्याच अंगानं सांगते.

आधी मॅन्युअलची धास्ती सोड. रोज या कामावर पोट असलेले कितीतरी फोटोग्राफर दिवसभर ॲपर्चर प्रायॉरिटीवर काम करतात, म्हणजे लेन्स किती उघडायची ते स्वतः ठरवतात आणि शटरचा वेग कॅमेऱ्यावर सोडतात, आणि फोटो उजळ-गडद करणारं एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचं बटण खाली-वर करत राहतात. समोर जे चाललंय त्यातली कोणती गोष्ट आपल्याला ताब्यात ठेवायची आहे, हे ठरवता येणं महत्त्वाचं. काही हलत असेल आणि ते हलणं दाखवायचं किंवा गोठवायचं असेल तर शटर, म्हणजे उजेड किती वेळ आत घ्यायचा ते. मागची गिचमिड विरघळवायची किंवा सगळं स्पष्ट ठेवायचं असेल तर ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक; एफचा आकडा जितका लहान तितकं ते मोठं. आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा ते, ही त्या दोघांसाठी मोजायची किंमत. अंधारात ती मोजायला घाबरू नकोस, थोडे दाणे दिसले म्हणून चांगला फोटो वाईट होत नाही. तुझी लेन्स ५५ एमएमवर, म्हणजे पूर्ण झूम केल्यावर, फक्त एफ ५.६पर्यंत उघडते, त्यामुळे मागचं धूसर करायचं तर माणसाच्या जवळ जा आणि त्याला भिंतीपासून लांब उभं कर. मोड कोणताही असो, फाइल रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेल्या कच्च्या रूपात, ठेव. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या १६,३८४ पायऱ्या असतात, जेपेगमध्ये २५६. सावलीतला चेहरा उजळताना हा फरक डोळ्यांना दिसतो.

शटर शिकायला तुझ्याइतकी चांगली जागा कुणाकडे नाही, तू रोज लोकलनं येतोस. प्रसिद्ध फोटोग्राफर रघू राय यांचा चर्चगेट स्टेशनवरचा १९९५चा फोटो शोधून बघ. माणसांचा लोंढा धुरासारखा पुसट वाहतोय आणि त्यात वर्तमानपत्र वाचणारी माणसं मात्र स्पष्ट आहेत. हे सॉफ्टवेअरनं केलेलं नाही. शटर बराच वेळ उघडं राहिलं, त्या वेळात जे हललं ते पुसट झालं, जे थांबलं ते उमटलं. चर्चगेटच्या किंवा सीएसएमटीच्या आतल्या उजेडात आयएसओ १०० आणि एफ ११ ठेवलंस की शटर साधारण अर्ध्या सेकंदाच्या आसपास येईल. स्टेशनात ट्रायपॉड लावलास की आरपीएफचा, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाचा, जवान येणार, तो त्याचं काम करतो. दप्तर बाकावर ठेवून त्यावर कॅमेरा टेकव, दोन सेकंदांचा टायमर लाव, म्हणजे बटण दाबतानाचा धक्का बसत नाही. मग खरा प्रश्न सुरू होतो: गर्दीत थांबलेलं कोण आहे? असं कुणी सापडलं नाही तर सगळी फ्रेम नुसती पुसट होते आणि बघणाऱ्याच्या डोळ्याला टेकायला जागा राहत नाही. रायांच्या फोटोत शटरचा वेग कुणालाही साधता येईल. थांबलेली माणसं दिसणं हे त्यांचं.

त्याच स्टेशनवर पॅनिंग करून बघ. १/१५ ते १/३० सेकंद शटर, धावत्या माणसाबरोबर कॅमेरा फिरवायचा आणि फिरता फिरता बटण दाबायचं. बहुतेक फ्रेम वाया जातील, ते धरूनच चालायचं. डब्यात किंवा दुकानात फोटोवर आडवे काळपट पट्टे येत असतील तर कॅमेरा बिघडलेला नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच एलईडी दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलंस की पट्टे जातात. फोनच्या प्रो मोडमध्येही हे जमतं. आणि दारात लोंबकळून फोटो काढायचा नाही, यावर चर्चा नको.

उजेडाबद्दल मुंबईपुरतं बोलते. आपण साधारण १९ अंश उत्तरेला आहोत. मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, सावली पायाखाली नाहीशी होते. या दिवसांच्या आसपास भर दुपारी उघड्यावर काढलेल्या चेहऱ्याच्या डोळ्यांच्या खोबणीत काळोख असतो. तेव्हा पादचारी पुलाखाली, चाळीच्या सज्ज्यात, दुकानाच्या पडवीत जा. समोरच्या भिंतीवरून परतलेला उजेड चेहऱ्यावर सुंदर बसतो. सूर्योदय हवा असेल तर पूर्वेकडचं बंदर, भाऊच्या धक्क्याचा परिसर. मरीन ड्राइव्हला पहाटे गेलास तर सूर्य तुझ्या पाठीमागे इमारतींआड असेल. नौदलाच्या हद्दीत आणि गोदीत कॅमेरा बाहेर काढूच नकोस. पावसाळ्यात बरेच जण कॅमेरा कपाटात ठेवतात, मला ते पटत नाही. ढगांमुळे उजेड सगळीकडून सारखा येतो, ओला रस्ता प्रत्येक दिवा दुप्पट करतो, आणि बसच्या घामेजलेल्या काचेमागचा चेहरा फक्त या चार महिन्यांतच मिळतो.

आता फुलबाजार. तिथे तुझे फोटो का बिघडतात ते मी न बघता सांगू शकते. झेंडूचा भगवा रंग कॅमेऱ्याला फसवतो. पडद्यावरचा साधा हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, सगळं ठीक आहे म्हणतो, पण लाल रंग आधीच मर्यादेबाहेर गेलेला असतो. मग पाकळ्या दिसत नाहीत, नुसता भगवा डाग दिसतो. तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम चालू कर आणि एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, पाऊण स्टॉपनं (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) खाली आण, पाकळीवर पाकळी सुटी दिसायला लागेल. दुसरं, डोक्यावरची ताडपत्री. निळ्या ताडपत्रीखाली बसलेल्या बाईचा चेहरा निळसर पडतो, पिवळीखाली काविळीसारखा. बाजूला टांगलेल्या बल्बचा उजेड वेगळाच. हे तीन रंग एका चेहऱ्यावर असले की कुठलंही व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून केलेली रंगांची जुळवणी, धड बसत नाही. एक पाऊल सरकून असा कोन शोध की चेहऱ्यावर एकच उजेड पडेल. बाकीचे रंग मागे राहू देत, तिथे ते शोभतात.

आणि मावशींनी हटकलं ते रास्तच होतं. पहाटेपासून त्या धंद्यावर बसलेल्या, गिऱ्हाईक समोर, माल सुकायच्या आत खपवायचा, आणि कुणी अनोळखी मुलगा तोंडासमोर लेन्स धरतो. तिथे त्यांना काय दिसत असेल याचा विचार कर. गर्दी ओसरल्यावर जा. कॅमेरा गळ्यात असू दे, म्हणजे लपवाछपवी वाटत नाही, पण डोळ्याला लावू नकोस. पाव किलो शेवंती घे, घरी आईला लागेलच. भाव विचार, माल कुठून येतो विचार, फुलं आज कशी गेली विचार. दोन-तीन वेळा तोंडओळख झाल्यावर सरळ सांग: "मी कॉलेजात शिकतो, तुमचं काम करतानाचे फोटो काढू का? काढले की दाखवतो." नाही म्हणाल्या तर विषय संपला. हो म्हणाल्या तर काढ, पडद्यावर दाखव, आणि वेगळं विचार: "हा इंटरनेटवर टाकला तर चालेल का?" काढायला हो म्हणणं आणि जगाला दाखवायला हो म्हणणं हे दोन निराळे होकार आहेत. दुसरा मिळाला नाही तर फोटो तुझ्याजवळ ठेव.

चेहऱ्याशिवायही तिथे किती आहे! सुतळीचं टोक पायाच्या अंगठ्याला अडकवून हार गुंफणाऱ्याचे हात बघ. डाव्या हाताच्या चिमटीत दोन फुलं, उजव्या हातानं वळसा, गाठ, पुन्हा दोन फुलं. बोटांच्या पेरांवर झेंडूचा हिरवट-काळा चीक बसलेला असतो, मांडीखालचं ओलं गोणपाट, त्यावर देठांचा कचरा. हे हात १/६०वर पकडलेस तर बोटं किंचित हललेली आणि हार स्थिर येईल, १/५००वर सगळंच थिजेल. दोन्ही काढ आणि घरी जाऊन ठरव, काम कुठल्या फोटोत जास्त दिसतं.

प्रभावाची चिंता करतोस ती तुझ्या वयात सगळ्यांना असते. प्रभाव चुकवून कुणी शिकत नाही. अडचण एवढीच आहे की तू शंभर जणांचे फोटो अंगठ्यानं सरकवत बघतोस, त्यातून फक्त वरवरचं उचललं जातं: काळे-पांढरे टोन, धुकट पार्श्वभूमी, निऑनचा रंग. एका वेळी एकच माणूस घे, त्याचे दहाच फोटो घे, आणि वहीत पेन्सिलनं प्रत्येकाची चौकट काढ. उजेड कुठून येतोय तिथे बाण. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर की डोळ्याच्या? कडेला कोण अर्धवट कापलं गेलंय? फोटोग्राफर किती पावलांवर उभा असेल? चित्र वाईट आलं तरी चालेल. हात फिरला की डोळ्याला कळतं.

कुणाचे बघायचे? वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकल्या, त्यांचे सुरुवातीचे फोटो पतीच्या नावानं छापले गेले, आणि २०११ साली देशानं त्यांना पद्मविभूषण दिलं. सत्तेच्या ऐन गाभ्यात, बड्या नेत्यांच्या आसपास, उभं राहून स्वतः नजरेत न येता कसं काम करावं हे त्यांच्याकडे बघावं. रघुबीर सिंह रंगीत फोटो घेत राहिले त्या काळात कलात्मक फोटो म्हणजे कृष्णधवल असाच समज होता. मुंबईवरचं त्यांचं पुस्तक १९९४चं आहे. काच, आरसा, खांब यांनी ते चौकटीचे तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्यात काहीतरी चालू असतं. मुंबईच्या गर्दीला हीच रीत शोभते असं माझं मत आहे; एकच माणूस मधे आणि बाकी सगळं धूसर, हे या शहरात मला खोटं वाटतं. सूनी तारापोरवाला यांनी स्वतःच्या पारशी समाजाचे फोटो अनेक दशकं काढले. घरातल्या माणसालाच मिळेल असा शिरकाव त्यात दिसतो. सुधारक ओलवे यांनी महापालिकेच्या सफाई कामगारांबरोबर वर्षानुवर्षं काम केलं, त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. ते फोटो बघताना अंगावर येतात, पण एकाही कामगाराचा मान कमी होत नाही. परदेशातला एकच सांगते, न्यूयॉर्कचे सॉल लायटर. ओल्या काचेतून, छत्रीआडून, रंगाच्या एका ठिपक्यावर उभे केलेले त्यांचे फोटो जूनमध्ये दादर टीटीला बसच्या खिडकीत बसून आठव. नरिमन पॉइंटच्या एनसीपीएची पिरामल गॅलरी फोटोंसाठीच आहे, तिथे चक्कर मार. भिंतीवरचा प्रिंट आणि फोनवरचा फोटो यांत किती फरक असतो ते एकदा तरी समोर उभं राहून बघायला हवं.

आणि मग हे सगळं डोंबिवलीला घेऊन जा. त्या माणसांची रीत उसनी घेतलीस तरी विषय तुझा असेल तर फोटो तुझाच होतो. तुझ्या फलाटावर रोज त्याच जागी उभे राहणारे लोक, त्यांचा ठरलेला डबा, ठरलेला ग्रुप, परतीच्या गाडीत भाजी निवडणाऱ्या बायकांबद्दल तुझ्या आईनं सांगितलेलं, हे रघुबीर सिंहांना मिळालं नसतं.

आता निवड. काढलेला फोटो किमान आठवडाभर टाकू नकोस. काढतानाचा आनंद, पळापळ, थंडी, मिळालेली शाबासकी हे सगळं फोटोला चिकटलेलं असतं. बघणाऱ्याला त्यातलं काही दिसत नाही. आठवड्यानं ते गळून जातं आणि चौकटीत खरंच काय आहे ते दिसतं. महिनाअखेरीस बरे वाटलेले तीस-चाळीस फोटो लॅबमधून ४ बाय ६ आकारात छापून आण. स्क्रीनवर एकामागून एक बघून निवड होत नाही. तांदूळ निवडताना आपण ते ताटात पसरून उजेडाला धरतो, तसे हे जमिनीवर पसर आणि उभा राहून बघ. दोन फोटो एकच गोष्ट सांगत असतील तर एक वगळ. काढायला फार कष्ट पडले म्हणून ठेवलेला असेल तो वगळ. कॅप्शन वाचल्याशिवाय कळत नसेल तो बाजूला ठेव. बारा उरले की क्रम लाव, कशानंतर काय. इथे भांडायला कुणीतरी लागतं. फोटो न काढणारा एखादा मित्र बोलाव, फोटोग्राफर मित्र लेन्सबद्दल बोलत बसतात.

हे दोन-तीन महिने केलंस की एक गोष्ट आपोआप दिसेल: उरलेल्या फोटोंत काहीतरी सारखं येतंय. कुणाचं अंतर सारखं असतं, कुणाला पाठमोरी माणसं ओढतात, कुणी सारखा कडेला दार ठेवतो. तू शैली म्हणतोस ती हीच. ठरवून आणता येत नाही, निवडीत सापडते.

लाइकचं कोडंही इथेच सुटतं. इन्स्टाग्रामवरचा फोटो तळहाताएवढा असतो आणि त्याला जेमतेम क्षणभर मिळतो. मोठा चेहरा, भडक रंग, एकच विषय असेल तर तो क्षणात पोचतो. लांबवर छोटा माणूस आणि भोवती मोठी रिकामी भिंत असा फोटो त्या आकारात मरतो, भिंतीवर दोन फुटांचा लावला तर जगतो. शिवाय किती वाजता टाकला, कुणाला दिसला, यावर आकडा हलतो. दोनशे आणि वीस यांतून फोटोचा कस कळणार नाही. टाक जरूर, लोकांनी बघावं म्हणूनच आपण काढतो. पण निवडलेले टाक, तीन-चारचा संच करून टाक, आणि त्या आकारात टिकतील असे टाक.

टाकतानाच्या व्यवहाराच्या गोष्टी. रंग एसआरजीबीत, म्हणजे फोन आणि इंटरनेटच्या नेहमीच्या रंगपद्धतीत, ठेव, नाहीतर फोनवर फिके दिसतील. उभा ४:५, १०८० बाय १३५० पिक्सेल असा स्वतः कापून दे, कापायचं काम ॲपवर सोडू नकोस. व्हॉट्सॲपवर कुणाला खरा फोटो पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठव, एरवी तो दाबला जातो. मात्र अशा मूळ फाइलबरोबर फोनचं लोकेशनही जातं, घरचे किंवा लहान मुलांचे फोटो असतील तर लोकेशन आधी पुसून टाक. मुलांच्या गणवेशावरचं शाळेचं नावसुद्धा पत्ताच असतो.

कॅप्शनमध्ये जागा आणि तारीख लिही. दर पावसाळ्यात जुन्या पुराचे फोटो "आत्ताचे" म्हणून फिरतात आणि लोक घाबरतात. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवसाचा फोटो आजचा म्हणून फिरला तर काय होईल? तारीख नसलेल्या फोटोचं कुणीही काहीही करू शकतं.

हक्काबद्दल: आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात फोटो काढणारा हाच त्याचा कर्ता, नोंदणीची सक्ती नाही. मात्र कुणी पैसे देऊन काढून घेतलेला फोटो, उदाहरणार्थ लग्नाचा, वेगळं काही ठरलं नसेल तर काढून घेणाऱ्याचा होतो. म्हणून पैसे घेऊन मित्राच्या बहिणीच्या लग्नाचे फोटो काढायला निघालास तर आधी दोन ओळी लिहून घे. मोठी पेजेस "तुमचा फोटो वापरू का?" विचारतात तेव्हा कुठे, किती दिवस, नाव कसं देणार आणि पैसे किती, हे विचारायला लाजू नकोस. स्पर्धांच्या अटी वाच. काहींत फोटो पाठवला की सगळे हक्क आयोजकांकडे जातात. फोटोवर भलंमोठं वॉटरमार्क नको, चोर ते कापतो आणि बघणाऱ्याचा मात्र विरस होतो.

लेन्स आत्ता घेऊ नकोस. आधी वर सांगितलेले बारा-बारा फोटोंचे तीन महिन्यांचे संच होऊ देत. मग त्या निवडलेल्या फोटोंची माहिती उघडून फोकल लेन्थ, म्हणजे लेन्स किती एमएमवर होती तो आकडा, बघ. बहुतेक ३५च्या आसपास असतील तर ३५ एमएम एफ १.८ घे, तुझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान असल्यानं त्यावर ती साधारण ५०सारखी दिसते आणि गल्लीत, डब्यात चालते. ५०ची स्वस्त मिळते, पण तुझ्या कॅमेऱ्यावर ती ७५-८०सारखी होते, फलाटावर मागे सरकायला जागा उरत नाही. फोर्टात बोरा बाजारला सेकंड हँड बघ, स्वतःचा कॅमेरा बरोबर ने. मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या एका बाजूनं मार आणि दुसऱ्या बाजूनं तिरकं बघ: कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी आहे, कितीही स्वस्त असली तरी घेऊ नकोस. दुकानातच एफ १.८वर समोरच्या पाटीचा फोटो काढून अक्षरं मोठी करून बघ. घरी हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेव, रंग बदलणारे दाणे घे म्हणजे ते कधी ओले झाले ते कळतं. एसी लोकलमधून उतरल्यावर कॅमेरा लगेच बॅगेतून काढू नकोस, काचेवर दव धरतं. दहा-पंधरा मिनिटं आतच राहू दे.